मान आणि साक्ष : रवींद्रनाथांच्या ‘शास्ति’चे एक वाचन

रवींद्रनाथ टागोरांच्या ‘शास्ति’ ह्या कथेत निवेदक एके ठिकाणी नायिकेच्या वर्तनाला ‘अभिमान’ असे नाव देतो. मराठी वाचकाला हा शब्द इतका परिचयाचा वाटतो की त्यापाशी थांबण्याची गरज त्याला भासत नाही. आणि नेमकी तिथेच कथा त्याच्या हातून निसटते. मराठीतल्या अभिमानाला समोर कोणी लागत नाही. कुळाचा, भाषेचा, विद्वत्तेचा अभिमान माणूस एकट्याने बाळगू शकतो. बंगाली ‘अभिमान’ एकट्याने होत नाही. ज्याच्यावर आपला हक्क आहे असे मानले त्याच्याकडूनच दुखावले गेल्यावर मनात जे साचते, जे बोलून दाखवायचे नसते आणि न बोलता त्याने ओळखावे अशी अपेक्षा असते, ते म्हणजे अभिमान. परक्यावर राग धरता येतो, अभिमान धरता येत नाही. मराठीत ह्याच्या जवळ जाणारा शब्द ‘रुसवा’. पण रुसव्यातला लाडिकपणा फासापर्यंत चालत जाणाऱ्या स्त्रीला शोभत नाही. ‘मानी’ ह्या विशेषणात थोडी धग आहे, परंतु तो स्वभावगुण झाला. त्यातून नात्याचा निर्देश होत नाही.

‘शास्ति’चा विचार करताना हा शब्दभेद केवळ अनुवादकाच्या अडचणीपुरता राहत नाही. चंदरेच्या वर्तनाचे मूळ गर्वात आहे असे मानले तर ही कथा ग्रीक शोकात्मिकेच्या परिचित सूत्रात बसवता येते : एक ताठ स्वभाव, त्यातून घडणारा प्रमाद, त्याचे फळ. मराठीत शोकात्मिकेची चर्चा बहुधा ह्याच सूत्राने होत आली आहे. पण तिचे मूळ मानात आहे असे मानले, तर शोकाचे कारण तिच्या स्वभावात नव्हे, तर ज्या भाषेत ती बोलते आणि ज्या ठिकाणी तिला बोलावे लागते त्यांच्या विजोडपणात शोधावे लागते.

कथा १८९३ साली (बंगाब्द १३००, श्रावण) ‘साधना’ ह्या बंगाली मासिकात प्रसिद्ध झाली. जमीनदारीच्या कारभारानिमित्त रवींद्रनाथांचा पद्मेच्या काठच्या खेड्यांशी नित्य संबंध येत होता, तो हा काळ. दुखीराम आणि छिदाम हे दोन मजूर भाऊ, त्यांच्या बायका राधा आणि चंदरा. चरावरचे भात कापून चार पैसे मिळवण्याचे दिवस असताना जमीनदाराचे प्यादे भावांना कचेरीच्या गळक्या छपराच्या कामाला धरून नेतात. दिवसभर वेठ, रास्त मजुरी नाही, वर शिव्या. संध्याकाळी उपाशी घरी आल्यावर दुखीराम भात मागतो, राधा जिव्हारी लागेल असे उत्तर देते, आणि त्याच्या हातातला कोयता तिच्या डोक्यात बसतो. त्याच वेळी गावातले रामलोचन चक्रवर्ती वसुलीसाठी दारात येतात. घाबरलेल्या छिदामच्या तोंडून निघून जाते की जावाजावांच्या भांडणात धाकटीने थोरलीला मारले. एकदा बोलले गेलेले हे वाक्य पुन्हा मागे घेता येत नाही. चंदरेने गुन्हा कबूल करावा आणि थोरलीच विळी घेऊन अंगावर आली होती असे सांगावे, म्हणजे ती सुटेल, असे छिदाम तिला पढवतो. ती गुन्हा कबूल करते. विळीचे मात्र सांगत नाही. तिला फाशी होते.

ह्या कथेची दोन वाचने रूढ आहेत. एका वाचनात चंदरा पतीच्या शब्दासाठी प्राण देणारी साध्वी ठरते. दुसऱ्यात ती पुरुषसत्तेविरुद्ध बंड करणारी स्त्री ठरते. पहिले वाचन आता कोणी फारसे गंभीरपणे मांडत नाही, आणि ते बरेच आहे : नवऱ्याने वाचण्यासाठी दिलेली पळवाट जी जाणूनबुजून बुजवते तिला आज्ञाधारक कसे म्हणावे? दुसऱ्या वाचनाचे वजन अधिक आहे. दिवसभराच्या अपमानाचा राग घरातल्या बाईवर निघणे, एका बाईच्या प्रेताची किंमत दुसऱ्या बाईने भरणे, ह्या साखळीचे भान ते वाचन जागे ठेवते. तरीही एका साध्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही. बंड करायचे तर चंदरा खरे का सांगत नाही? खरे सांगणे तिच्या हातात होते. त्याने ती सुटली असती, खुनी दिराला शिक्षा झाली असती आणि नवऱ्याचा खोटेपणा चारचौघांत उघडा पडला असता. बंडाला ह्याहून चांगले हत्यार कोणते हवे होते? ती ते उचलत नाही. न उचलण्यामागे दिराविषयीची करुणा असावी असे सुचवणारा एकही शब्द संहितेत नाही.

इथे संस्कृत काव्यशास्त्रातील मानविचाराकडे वळणे उपयोगाचे ठरेल. विप्रलंभ शृंगाराच्या भेदांत पूर्वराग, प्रवास आणि करुण ह्यांच्या जोडीला विश्वनाथाने मान हा भेद सांगितला आहे. मान म्हणजे कोप. तो प्रणयातून येतो किंवा ईर्ष्येतून. ईर्ष्यामान दूर करण्याचे सहा उपाय ‘दशरूपका’त आणि ‘साहित्यदर्पणा’त दिलेले आहेत : साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसांतर. गोड बोलणे, सखीला वळवणे, दागिना देणे, पाया पडणे, ह्यांनी भागले नाही तर दुर्लक्ष करणे. आणि शेवटचा उपाय म्हणजे अकस्मात उद्भवलेल्या भीतीने किंवा हर्षाने कोप विसरायला लावणे. हा सगळा विचार एका गृहीतावर उभा आहे : मान मोडण्यासाठीच असतो. नायिका पाठ फिरवते ती नायकाने समोर यावे म्हणून. बंगालमध्ये जयदेवापासून वैष्णव पदावलीपर्यंत ही परंपरा अखंड वाहत आली आणि तिथूनच ‘अभिमान’ ह्या शब्दाला त्याचा बंगाली अर्थ चिकटला. (ह्या परंपरेत राधेची प्रतिस्पर्धिनी चंद्रावली असते आणि इथे भांडणाऱ्या जावांची नावे राधा व चंदरा आहेत, ही गोष्ट नजरेत भरते, परंतु तिच्यावर फार भार टाकू नये.)

चंदरेच्या संसाराचा खुनापूर्वीचा इतिहास हा ईर्ष्यामानाचाच इतिहास आहे. छिदाम कामाचे निमित्त सांगून अधूनमधून दूर जातो, एकदोन दिवस बाहेर काढतो, पण कमाई काही आणत नाही. चंदरा भांडत नाही, रडत नाही. तिच्या पाणवठ्यावरच्या फेऱ्या वाढतात आणि तिच्या बोलण्यात गावातल्या काशी मजुमदारांच्या मधल्या मुलाची स्तुती येऊ लागते. छिदामने दिलेली शंका ती, फक्त बाजू उलटवून, त्याला परत करते. तो हाडे मोडण्याची धमकी देतो, ती त्या धमकीचेच स्वागत करते. तो तिला कोंडून ठेवतो, ती निसटून मामाच्या गावी जाते, आणि मिनतवाऱ्या करून तिला परत आणण्याची पाळी त्याच्यावर येते. ह्या सर्व प्रसंगांत चंदरेची रीत एकच आहे. ती नकार देत नाही. समोरच्याची कृती किंवा त्याचे वाक्य ती उचलते आणि त्याला पेलवणार नाही इतक्या टोकाला नेऊन त्याच्या हातात ठेवते. न्यायालयात ती करते ते ह्याहून वेगळे नाही. नवऱ्याने म्हणायला सांगितले, खून मी केला. ती म्हणते, खून मी केला. त्याने जोडलेली सवलत मात्र ती घेत नाही. आज्ञेचा अर्धा भाग पाळून उरलेला अर्धा सोडून देणे हे आज्ञाभंगाहून अधिक मर्मभेदक ठरते, कारण आज्ञा देणाऱ्याला तक्रारीला जागाच उरत नाही.

ह्या पूर्वेतिहासाची कथेतली जागा पाहण्यासारखी आहे. कालक्रमाने तो आरंभी यायला हवा. रवींद्रनाथ तसे करत नाहीत. खून आधी घडतो, रामलोचन येतो, खोटे वाक्य उच्चारले जाते, छिदाम चंदरेकडे ती भयंकर मागणी करतो. आणि ही मागणी व चंदरेचे उत्तर ह्यांच्यामध्ये निवेदक कथा थांबवून सतरा-अठरा वर्षांच्या ह्या मुलीचे चित्र काढायला बसतो. तिचा आटोपशीर बांधा, नव्या होडीसारखी सहज चाल, घागर कमरेवर घेऊन जाताना पदर दोन बोटांनी जरासा बाजूला करून जग पाहून घेण्याची तिची हौस, मग नवऱ्याशी चाललेला तो लपंडाव. इतका वेळ थांबवून निवेदक परत येतो, छिदामची मागणी पुन्हा नोंदवतो आणि तिचे काळे डोळे त्याला कसे जाळतात ते सांगतो. पहिल्या वेळी ती मागणी एका अडचणीत सापडलेल्या कुटुंबाची युक्ती होती. मधला मजकूर वाचून झाल्यावर तीच मागणी दुसऱ्यांदा वाचताना ती दोन माणसांमधल्या चालू खेळातली, नियमांबाहेरची चाल वाटते. ज्या पतीने सारखा पाठलाग केला, ज्याला आपण पाऱ्यासारख्या निसटत होतो, त्याने आपल्याला मुठीत धरण्याऐवजी देऊनच टाकले, हा आघात क्रमभंगाविना वाचकापर्यंत पोचला नसता.

ह्या पूर्वेतिहासात निवेदक आणखी एक नोंद जवळजवळ जाताजाता करून ठेवतो. ह्या निसटत्या बायकोच्या धास्तीने त्रासलेल्या छिदामला कधीकधी वाटे की ही मेली तर मनाला शांती मिळेल. माणसाला दुसऱ्या माणसाविषयी जितकी असूया वाटते तितकी यमाविषयी वाटत नाही, अशा आशयाचे भाष्यही निवेदक तिथे करतो. ही नोंद विसरून चालणार नाही. रामलोचनासमोर छिदामच्या तोंडून निघालेले वाक्य घाबरटपणाचे आहे, हे खरेच. पण तेच वाक्य का निघाले? भांडणात थोरली पडून मेली असेही तो म्हणू शकला असता. संहिता ह्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, पण प्रश्न पडेल एवढी सामग्री तिने आधी ठेवलेली आहे. चंदरेला नवऱ्याच्या मनातली ती इच्छा ठाऊक होती की नाही हेही सांगितलेले नाही. ती जे करते त्याने ती इच्छा पूर्ण होते, एवढेच दिसते. आणि छिदामला शांती मिळत नाही.

छिदामचे दुसरे एक विधान कथेतले सर्वांत प्रसिद्ध विधान आहे. भावाला अडकवून बायकोला सोडवण्याचा मार्ग रामलोचन सुचवतो तेव्हा छिदामचे उत्तर असे, की बायको गेली तर दुसरी करता येईल, भाऊ फाशी गेला तर दुसरा भाऊ मिळणार नाही. पुरुषी क्रौर्याचा पुरावा म्हणून हे विधान नेहमी पुढे केले जाते, आणि तसे ते आहेच. परंतु ह्या युक्तिवादाची वंशावळ पाहिली म्हणजे रवींद्रनाथांनी काय केले आहे ते अधिक स्पष्ट होते. हिरॉडोटसच्या इतिहासात इंटाफर्नीसची पत्नी दारयवहूकडे पती आणि मुले सोडून भावाचे प्राण मागते, कारण पती दुसरा मिळेल, मुलेही होतील, आईबाप हयात नसल्यामुळे भाऊ मात्र पुन्हा होणार नाही. सोफोक्लीसच्या अँटिगनीच्या तोंडी हाच युक्तिवाद आहे. तो गटेला इतका खटकला होता की हे वचन प्रक्षिप्त ठरावे अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. आपल्याकडे उच्छंग जातकात पती, पुत्र आणि भाऊ ह्यांपैकी एकाला सोडवून नेण्याची मुभा मिळालेली स्त्री भावाची निवड करते आणि तेच कारण देते.

ह्या तिन्ही ठिकाणी बोलणारी स्त्री आहे. दोन ठिकाणी ऐकणारा राजा तिच्या बुद्धीवर प्रसन्न होतो : दारयवहू भावासोबत थोरला मुलगाही देतो, जातकातला राजा तिघांनाही सोडतो. म्हणजे परंपरेत हा युक्तिवाद स्त्रीच्या चातुर्याचा आणि जीवदानाचा आहे. ‘शास्ति’मध्ये तो पुरुषाच्या तोंडी येतो. राजाच्या जागी मामलेदारी सल्ला देणारा गावचा मुत्सद्दी आहे, आणि ह्या शब्दांनी कोणाचाही जीव वाचत नाही. रवींद्रनाथांना ह्यांपैकी कोणती कथा ठाऊक होती हे शोधण्याची गरज नाही. लोककथेत मुरलेल्या ह्या सूत्राची दिशा त्यांनी फिरवली आहे हे संहितेवरूनच दिसते. स्त्रीने पतीला बदलण्याजोगे म्हटले तर ते नवल ठरते, कारण प्रत्यक्षात तिला दुसरा पती मिळणार नसतो. पुरुष तेच बोलला की ते नुसते वास्तव असते. छिदाम खोटे बोलत नाही. हिंदू समाजाच्या त्या काळच्या व्यवस्थेत पुरुषाला दुसरी बायको खरोखरच मिळत होती, आणि ह्या वाक्याची भयानकता त्याच्या खरेपणात आहे.

पोलिसांसमोर, डेप्युटी मॅजिस्ट्रेटसमोर आणि सेशन्स न्यायालयात चंदरा एकच उत्तर देते. इथे रवींद्रनाथांची कायद्याची जाण, किंवा निदान कचेरीतल्या भाषेची जाण, उपयोगी पडली आहे. त्या वेळी लागू असलेल्या १८६० च्या दंड संहितेतील ३०० व्या कलमाला जे अपवाद होते त्यांत गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडली जाणे आणि अकस्मात झालेली मारामारी हे तीन होते. ह्यांपैकी एकही लागू झाला तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येई. अधिकाऱ्यांचे प्रश्न ह्या अपवादांच्या वाटेनेच येतात : भांडण झाले होते का, ती आधी अंगावर आली होती का, तिने काही छळ केला होता का. चंदरा एकामागून एक सर्व दारे लावून घेते. भांडण नव्हते, ती अंगावर आली नव्हती, छळही नव्हता. ती सहन होत नव्हती, एवढेच. वाचकाला हे प्रश्न दयेचे वाटतात आणि अधिकारी खरोखर दयाळूही आहेत. परंतु त्यांची दया कायद्याच्या वर्गवारीतूनच वाहू शकते, आणि चंदरेला जे म्हणायचे आहे त्यासाठी त्या वर्गवारीत रकाना नाही.

मान ही उच्चारातून व्यक्त होणारी गोष्ट नव्हे. साक्ष ही केवळ उच्चारातूनच व्यक्त होते. मान एका माणसाला उद्देशून असतो; साक्ष तिसऱ्या माणसासमोर द्यावी लागते. चंदरेने खरे सांगितले असते तर तिला स्वतःमध्ये आणि पतीमध्ये न्याय करण्याची विनंती न्यायाधीशाला करावी लागली असती, आणि त्या क्षणी तिचा अभिमान तक्रार झाला असता. हे तिला नको आहे. म्हणून न्यायालयात ती बोलते ते सगळे वरवर साहेबाला उद्देशून असले तरी प्रत्यक्षात मागे उभ्या असलेल्या एकालाच उद्देशून आहे. छिदामला साक्षीसाठी आणल्यावर ती तोंड फिरवते. हा कोण, असे न्यायाधीशाने विचारल्यावर हातांनी तोंड झाकून ती सांगते की हा माझा नवरा. त्याचे तुझ्यावर प्रेम नाही का, ह्या प्रश्नाला ती खूप असल्याचे सांगते. तुझे नाही का, ह्यालाही तेच उत्तर. खुनाच्या खटल्यात न्यायाधीश असे प्रश्न विचारील का, ही शंका रास्त आहे, आणि वास्तववादाच्या कसोटीवर हा संवाद टिकणार नाही. परंतु ह्या उत्तरांतील विपरीत लक्षणा त्या खोलीत फक्त एका माणसाला कळते, बाकी सर्वांना ती वाच्यार्थानेच ऐकू येते. कथेचा सगळा पेच त्या दोन उत्तरांत आहे.

लग्न आणि न्यायालय ह्यांची गाठ त्या दशकात नवी राहिलेली नव्हती. मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजींनी रखमाबाईंविरुद्ध चालवलेला खटला सगळ्या हिंदुस्थानात गाजला होता; १८८७ साली पतीच्या घरी जाण्याचा हुकूम झाल्यावर त्यापेक्षा सहा महिन्यांची कैद पत्करण्याची तयारी रखमाबाईंनी दाखवली होती. दोन्हीकडे स्त्री पतीगृहाऐवजी सरकारी शिक्षा निवडते. पण रखमाबाईंना बोलता येत होते, त्यांनी लिहिले होते, त्यांची बाजू मांडणारे वकील आणि वर्तमानपत्रे होती. चंदरेचेही वकील तिच्यासाठी झटतात. तीच त्यांना सामग्री पुरवत नाही. सुशिक्षित स्त्री न्यायालयाची भाषा वापरून आपली असंमती नोंदवू शकते. मजुराच्या बायकोला असंमती नोंदवायला कबुलीजबाबाचाच तेवढा फॉर्म उपलब्ध आहे, आणि ती तो स्वतःवर उलटा चालवते.

हा कबुलीजबाब एकटा नाही, हेही ध्यानात घ्यावे. शेवटी छिदाम म्हणतो मी मारले. शुद्धीवर आल्यावर दुखीरामही म्हणतो मी मारले. कारण विचारल्यावर दोघेही तेच सांगतात, भात मागितला, तिने दिला नाही. म्हणजे न्यायालयासमोर एका खुनाची तीन कबुल्या आहेत आणि त्यांतली एक शब्दशः खरी आहे. न्यायाधीश तीच फेकून देतो, कारण घरची बाई फासापासून वाचवण्यासाठी भाऊ खोटे बोलत आहेत हा निष्कर्ष त्याला अधिक सुसंगत वाटतो. त्याची चूक तर्काची नाही. जिथे पुरुष स्त्रीला वाचवण्यासाठी खोटे बोलतात अशा जगाची त्याला कल्पना आहे. आदल्या टप्प्यावर त्यांनी तिला अडकवण्यासाठी खोटे सांगितले असेल ही शक्यता त्याच्या मनात येत नाही. त्यात रामलोचनाची साक्ष भर घालते. हा ब्राह्मण आधी चंदरेच्या बचावाची गोष्ट रचून देतो. ती स्वतःच फासाकडे निघाली आहे असे दिसल्यावर त्याला शपथेचे महत्त्व आठवते आणि तो सत्य सांगायचे ठरवतो. तो सांगतो ते सत्यच, थोडी भर घालून. आणि ते सत्य चंदरेला मारते. रवींद्रनाथांचा उपरोध इथे इतका थंड आहे की पहिल्या वाचनात तो निसटून जाण्याचा धोका आहे.

मानभंगाचे ते सहा उपाय ह्या भागात पुन्हा आठवतात. छिदामची पढवणी म्हणजे साम, त्याची न्यायालयातली कबुली म्हणजे नति. रसांतर हा सर्वांत बलवान उपाय. भीतीने कोप वितळतो असे शास्त्र सांगते. इथे प्रत्यक्ष मृत्यूची भीती समोर आहे, सुनावणीमागून सुनावणी ती वाढत जाते, आणि कोप वितळत नाही. काव्यशास्त्रातला मान मोडतो, कारण तिथे चुकलेल्या नायकाला परत येण्याची वाट खुली असते. छिदामची नति उशिरा येते, इतरांसमोर येते, आणि तिचे रूपही साक्षीचे असते. तिला चंदरेकडे वळायला जागाच नाही.

निवेदक मात्र सर्वत्र सारख्या संयमाने वागत नाही. पोलीस चंदरेला घेऊन जातात तो प्रसंग उत्कृष्ट आहे : ओळखीच्या वाटेने, हाटावरून, पाणवठ्यावरून, मजुमदारांच्या दारावरून, पोस्ट आणि शाळा ओलांडून. पदर बाजूला सारून जे जग ती चोरून पाहत असे तेच जग आता तिच्याकडे पदराआडून, दाराआडून, झाडाआडून पाहते. पाहणाराची आणि पाहिल्या जाणाऱ्याची ही अदलाबदल निवेदकाने एकाही शब्दाने अधोरेखित केलेली नाही. ह्याच्या शेजारी ठेवले की चंदरेच्या मनातले स्वगत उणे पडते. आपले नवयौवन घेऊन ती पतीला सोडून फासाला वरते आहे, ह्या जन्मीचे शेवटचे बंधन आता त्याच्याशी, असे ती मनोमन पतीला सांगते. ‘वरणे’ हे क्रियापद मराठी वाचकालाही आरपार कळते आणि कथेचे रूपक त्यात पूर्ण उघडे होते. पण तेच अडचणीचे आहे. जिचे सगळे सामर्थ्य न बोलण्यात आहे तिच्या मनातले बोलणे निवेदकाने बाहेर आणले, आणि तेही अलंकारिक भाषेत. सतरा-अठरा वर्षांची ही मुलगी हट्टाने विचार करील, रूपकाने करील असे वाटत नाही. न्यायालयासमोरच्या झाडावर ओरडणारा कोकीळही थोडासा कवीच्या गरजेपोटी तिथे आला आहे. आरंभीची पद्मा मात्र तशी नाही : पाण्याने खणलेल्या काठातून आंब्याफणसाची मुळे रिकाम्या हवेत काहीतरी धरू पाहणाऱ्या बोटांसारखी बाहेर आलेली, आणि त्या दृश्याखाली कोणतीही टीप नाही.

फाशीपूर्वी दयाळू सिव्हिल सर्जन तिला विचारतो, कोणाला भेटायचे आहे का. ती आईचे नाव घेते. डॉक्टर सांगतो की तुझा नवरा भेटू इच्छितो, त्याला बोलावू का. ह्यावर ती एकच शब्द बोलते, ‘मरण’. त्या शब्दावर कथा संपते.

हा शब्द म्हणजे कथेतल्या भाषिक पेचाची परिसीमा आहे. बंगाली बायकांच्या बोलण्यात तो शब्द लाजेने, त्राग्याने, चेष्टेने सहज येतो. नवऱ्याच्या आगाऊपणावर, मैत्रिणीच्या थट्टेवर तो फेकला जातो. मराठी बायकांच्या तोंडचा ‘मेला’ ह्याच घराण्यातला : शिवी आहे, लाडही आहे, आणि दोन्हींत बोलणारीचा हक्क गृहीत आहे. परंतु ‘मेला’ म्हटल्यावर मरण ऐकू येत नाही, ते वापराने पुसले गेले आहे. आणि कोणीही मराठी अनुवादक तो शब्द योजील तर वाच्यार्थ हरवेल. ‘मरण’ तसेच ठेवले तर वाच्यार्थ राहील आणि घरातला सूर जाईल. नुसता तिरस्कार दाखवणारा शब्द घेतला तर दोन्ही जातील. बंगालीत तिन्ही एकत्र आहेत : नवऱ्याला झिडकारणे, बायकोने नवऱ्याविषयी नेहमी बोलावे तसे बोलणे, आणि दारात उभी असलेली वस्तुस्थिती सांगणे. तिरस्काराचे वाचन अलीकडच्या समीक्षेला अधिक रुचते. परंतु परक्या माणसाविषयी हा शब्द वापरला जात नाही. त्याला भेटायला नकार देतानाही ती घरच्याच शब्दांत देते, आणि विचारणारा सिव्हिल सर्जन, त्याला बंगाली कितीही येत असो, उत्तर हो की नाही एवढेच ऐकण्यासाठी उभा आहे. छिदाम तिथे नाही. तो शब्द त्याच्यापर्यंत कोणी नेऊन पोचवला की नाही, हे रवींद्रनाथ सांगत नाहीत.